जैसलमेरला गाडीने निघण्यापूर्वी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि दोन प्रकारचे प्रवास एकाच वेळी सुरू होतात. चार महिने एका क्षेत्री स्थिर असलेले साधु-साध्वी विहाराला निघतात; आणि दिवाळीचा हंगाम आटोपून, नव्या वह्यांचे पूजन करून मोकळी झालेली व्यापारी कुटुंबे यात्रेचे बेत आखू लागतात. पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत गोडवाड, जालोर, सिरोही, बाडमेर या भागांतून दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेली घरे पुष्कळ आहेत. कुलदेवीला किंवा नाकोडाजीला वर्षाआड जाणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. अलीकडे त्यात जैसलमेरची भर पडली आहे, आणि तीही स्वतःच्या गाडीने. घरात सात आसनांची नवी गाडी असते, रस्ते सुधारलेले असतात, आणि मोबाइल दाखवतो की वीसेक तासांत पोहोचता येईल. मुलगा म्हणतो, दोघे आलटून पालटून चालवू, रात्री निघू, दुसऱ्या संध्याकाळी किल्ल्याखाली. आजी गप्प बसते, कारण आपल्यामुळे बेत मोडला असे तिला व्हायला नको असते.

वास्तविक अवघड वाटेपूर्वी थांबून तयारी करणे पनवेलला कोणी शिकवावे, असे नाही. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबईचे प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरात उतरत आणि येथूनच घाटाची वाट धरीत. बैल बदलणे, कणे तपासणे, दाणावैरण भरणे ही कामे येथे होत. गाड्यांची चाके घडविण्यासाठी हे गाव प्रसिद्ध होते. घाट चढण्यापूर्वी रात्रभर मुक्काम करावा, हे गाडीवानाला सांगावे लागत नसे. आज त्याच पनवेलहून पुण्याकडे दीड-दोन तासांत जाता येते. त्यामुळे अंतर म्हणजे केवळ वेळ, अशी समजूत झाली आहे. ती कोकणात आणि देशावर खपून जाते. थरच्या वाळवंटात मात्र अंतर म्हणजे पाणी, इंधन, उजेड आणि माणसाची ताकद.

पनवेल ते जैसलमेर हे अंतर सुमारे ११०० किलोमीटर आहे. कळंबोलीहून मुंब्रा-ठाणे-घोडबंदर करून अहमदाबादचा महामार्ग धरायचा. वापी, सुरत, भरूच, वडोदरा, अहमदाबाद. पुढे विरमगामवरून शंखेश्वर, मग राधनपूर, थराद, साचोर, बाडमेर आणि शेवटी जैसलमेर. ही वाट तीन टप्प्यांत विभागली तर तिच्यात अवघड असे थोडेच आहे. पहिल्या दिवशी शंखेश्वर गाठणे वृद्धांना जड जात असेल तर अहमदाबादेतच थांबावे. दुसऱ्या दिवशी बाडमेर. तिसऱ्या दिवशी सकाळी जैसलमेर. यात्रेच्या मार्गावर धर्मशाळा आणि भोजनशाळा असणे ही आपल्या समाजाची मोठी सोय आहे. परंतु भोजनशाळा सूर्यास्तापूर्वी बंद होते, हे घरून निघताना जितके पक्के ठाऊक असते तितके वडोदऱ्याच्या वाहतूककोंडीत ठाऊक राहत नाही. मग उरलेले दीडशे किलोमीटर घड्याळाशी शर्यत लावून कापले जातात. गाडीच्या वेगमर्यादेपेक्षा जेवणाची वेळ महत्त्वाची ठरते. म्हणून मुक्काम असा निवडावा की ठरल्याहून दोन तास उशीर झाला तरी पाने मांडलेली मिळतील. तसे जमत नसेल त्या दिवसाचे संध्याकाळचे जेवण गाडीतच बरोबर घ्यावे आणि घाईचे कारणच काढून टाकावे.

साचोर सोडले की देश बदलतो. गांधवजवळ लूणी नदी ओलांडावी लागते. अजमेरकडे उगम पावणारी ही नदी समुद्राला न मिळता कच्छच्या रणात विरून जाते आणि पुढे पुढे तिचे पाणी खारट होत जाते. याच गांधवहून बाखासरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या तीन किलोमीटरांच्या पट्ट्यावर हवाई दलाची विमाने आणीबाणीच्या प्रसंगी उतरू शकतात. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. विमान उतरू शकेल इतका सरळ आणि मोकळा रस्ता कसा असतो, याची कल्पना कोकणातल्या वळणांवर हात बसलेल्या चालकाला येत नाही. वळण नाही, चढ नाही, समोर वाहन नाही. डोळे उघडे असतात आणि लक्ष झोपी जाते. काटा शंभराच्या पुढे कधी गेला हे कळत नाही. तासाभराने गाडी थांबवून खाली उतरणे, चार पावले चालणे, चालक बदलणे, हे अशा रस्त्यावर ब्रेक तपासण्याइतकेच आवश्यक आहे.

आणि रात्री तर या वाटेला लागूच नये. नीलगाय, मोकाट गुरे आणि उंट रस्त्यावर येतात. डांबर रात्री उबदार राहते म्हणून जनावरे त्यावर बसतातही. उंटाचे पाय बारीक आणि धड उंच. दिव्याच्या झोतात पाय दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, आणि धडक बसली तर ते धड गाडीच्या काचेवर येते. स्थानिक चालक सूर्य मावळल्यावर का रेंगाळत चालवतात, याचे उत्तर हे आहे.

जैसलमेरच्या किल्ल्यातील मंदिरांखाली पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी स्थापिलेला ज्ञानभंडार आहे. ताडपत्रांवरील ग्रंथ तेथे शतकानुशतके टिकून राहिले, त्याला सैन्याच्या वाटेपासून दूर असलेले ठिकाण जसे कारण तशी तेथील कोरडी हवाही कारण. पनवेलला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो; जैसलमेरला दोनशेही कठीण. जी हवा ताडपत्राला कसर लागू देत नाही, तीच हवा माणसाच्या अंगातील पाणी त्याच्या नकळत शोषून घेते. पनवेलमध्ये घाम अंगावर दिसतो, म्हणून तहान आठवते. तेथे घाम येतो आणि तत्क्षणी वाळतो. थंडीत तर तहान लागत नाही असेच वाटते. ओठ फुटणे, डोके जड होणे, लघवी गडद होणे, वडीलधारी माणसे विनाकारण चिडचिडी होणे किंवा त्यांना सुस्ती येणे, ही लक्षणे प्रवासाच्या शिणवट्याची समजली जातात, आणि पुष्कळदा ती पाण्याच्या कमतरतेची असतात.

राखीव निधीला मराठीत गंगाजळी म्हणतात. वाळवंटात हा शब्द अक्षरशः घ्यावा. पाच माणसे असतील तर हिवाळ्यात माणशी रोज तीन लिटर याप्रमाणे दोन दिवसांचे ३० लिटर पाणी राखीव धरावे, आणि गाडीसाठी पाच लिटर निराळे. वाटेत नित्य प्यायचे पाणी यात मोजायचे नाही. ते रोज भरायचे आणि रोज संपवायचे. हे ३५ लिटर जैसलमेरहून परत येईपर्यंत तसेच राहिले तर उत्तम. सगळे पाणी एकाच कॅनमध्ये ठेवू नये. एक कॅन फुटला तर सारी पुंजी गेली. साखर-मिठाचे पाणी करण्यासाठी ओआरएसची पाकिटे ठेवावीत; नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

येथे आपल्या घरांतील एक खरी अडचण येते, आणि प्रवासाची सर्वसाधारण पुस्तके तिच्याविषयी काही सांगत नाहीत. घरातील आजी चौविहार आणि नवकारसी करते. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाण्याचा थेंब नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पनवेलला सूर्य सहा वाजून पाच-सहा मिनिटांनी मावळतो आणि सात वाजून पाच-सहा मिनिटांनी उगवतो. जैसलमेर पश्चिमेला आहे, म्हणून तेथे उशिरा उगवतो, साडेसातच्या सुमारास. परंतु उत्तरेलाही असल्यामुळे हिवाळ्याचा दिवस लहान, आणि मावळतो मात्र सहाच्या आधी. नवकारसी पनवेलला आठच्या आत येते, तेथे ती सव्वाआठच्या पुढे जाते. हिशेब केला तर पनवेलला पावणेचौदा तासांचे व्रत जैसलमेरला सव्वाचौदा तासांहून मोठे होते, आणि तेही शरीर कोरडे पाडणाऱ्या हवेत, दिवसभर प्रवास करून. तरुणाला याने काही होत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या सत्तरीच्या माणसाला होऊ शकते.

त्यात अनेक वडीलधारी उकळलेलेच पाणी घेतात. त्याचा काळ हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. म्हणजे राखीव म्हणून बाजूला ठेवलेले पाणी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कामाचे राहत नाही. उपाय सोपा आहे, पण तो निघण्यापूर्वी करावा लागतो. राखीव पाणी गाळलेले आणि साधेच ठेवावे. बरोबर लहान शेगडी किंवा किटली, एक रुंद तोंडाचे पातेले आणि गरणे ठेवावे. आणि रोज मुक्कामी त्या दिवसापुरते पाणी उकळून, ठारून घ्यावे. सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत वृद्धांना थोडे थोडे करून पुरेसे पाणी पाजावे. एकदम दोन पेले नव्हे. शौचालयाची सोय नसल्याच्या धास्तीने प्रवासात स्त्रिया पाणीच पीत नाहीत, हे प्रत्येक घरात घडते आणि कोणी बोलत नाही. म्हणून थांबण्याच्या जागा आधीच ठरवून सगळ्यांना सांगाव्यात. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आणि पच्चक्खाणातील आगारांविषयी गुरुमहाराजांकडून समजून घ्यावे. प्रकृतीच्या संकटाचा विचार शास्त्रकारांनी केलेला आहे. तो घरी बसून शांतपणे विचारण्यात काही गैर नाही. बाडमेरच्या पुढे, काळोखात, चक्कर आलेल्या आईशेजारी बसून मुलाने त्यावर वाद घालणे मात्र वाईट.

जेवणाच्या डब्याचेही तसेच. पहिल्या दिवशी थेपले चालतात; दुसऱ्या दिवशी ते वासी. खाखरे, कोरडा चिवडा, शेव, भाजलेले मखाणे आणि सुखडी यांवर दुसरा-तिसरा दिवस निघतो. हिवाळ्यात सुखडीचा काळ महिन्याचा, त्यामुळे डबा भरून घ्यायला हरकत नाही. मात्र नुसते कोरडे आणि खारट खाऊन तहान वाढते, हे डबा भरणाऱ्या सुनेने नव्हे, तो रिकामा करणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवायचे आहे.

गाडीविषयी मिस्त्रीला एवढेच सांगू नये की, लांब जायचे आहे. वाळवंटात जायचे आहे, असे सांगावे. पनवेलची गाडी दमट, खाऱ्या हवेत आणि चिखलात वाढलेली असते. तिच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी येते, तिच्या एअर फिल्टरला बारीक वाळूची सवय नसते. फिल्टर नवा घालावा, बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर तपासून घ्यावी, कूलंट बदलावे. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर तापल्या रस्त्यावर भरवशाचा नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नये. स्टेपनी वापरून पाहिलेली असावी. पुष्कळ गाड्यांत ती कारखान्यातून आली त्या दिवसापासून हललेली नसते आणि तिच्यात हवाही नसते. जॅकखाली ठेवायला एक जाड लाकडी फळी घ्यावी, कारण वाळूत जॅक गाडी न उचलता स्वतःच खाली जातो. गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा लहान पंप, टॉर्च, दोरखंड, जुन्या गोणपाटाचे तुकडे. एवढे सामान एका पिशवीत बसते, आणि ती पिशवी सगळ्या बॅगांच्या तळाशी नसावी.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या पनवेलमध्ये पुष्कळ आहेत. गुजरातेत सोय आहे, पुढे तिच्यावर विसंबून राहू नये. साचोरपासून पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊच द्यायची नाही. बाडमेर ते जैसलमेर हे सुमारे १५५ किलोमीटर. वाटेत शिव, फतेहगढ, देवीकोट ही गावे आहेत, वाहतूकही असते. खरी निर्जन वाट जैसलमेरच्या पलीकडची. अमरसागर, लोद्रवा जवळ आहेत. लोद्रवा ही ११५६ मध्ये जैसलमेर वसण्यापूर्वीची भाटी राजांची राजधानी आणि आपले प्राचीन पार्श्वनाथ तीर्थ. शहरापासून पंधराएक किलोमीटर. परंतु एकदा तेथवर गेले की मुलांना सीमा पाहायची असते, १९७१ च्या डिसेंबरमधील लोंगेवालाच्या लढाईची जागा पाहायची असते, तनोटही पाहायचे असते. हे सर्व मिळून जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरांच्या पुढचा दिवस होतो. रामगढला टाकी भरून घ्यावी आणि पुढे काही मिळणार नाही असे धरून चालावे. मोबाइलचा संपर्क तुटत राहतो. नकाशा आधीच उतरवून ठेवावा. आणि नकाशाने जवळची म्हणून एखादी कच्ची वाट दाखवली तर ती न घेता गावात विचारावे.

वाऱ्याने रस्त्यावर वाळूची जीभ आलेली असते. तिच्यावर ब्रेक दाबू नये. आधीच वेग कमी करून सरळ जावे. अरुंद रस्त्यावर समोरून वाहन आले तर डांबराखाली उतरताना गाडी जवळजवळ थांबवावी. चाक रुतलेच तर ॲक्सिलरेटर दाबून ते आणखी खोल घालवू नये. वाळू हाताने काढावी, गोणपाट चाकापुढे घालावे, टायरची हवा थोडी कमी करावी आणि बाहेर आल्यावर पंपाने पुन्हा भरावी. गाडी बंदच पडली तर गाडी सोडून कोणी चालत मदत शोधायला जाऊ नये. गाडी दुरून दिसते, सावली देते, तिच्यात पाणी असते. एकटा माणूस यांपैकी काहीच बरोबर नेत नाही. पनवेलच्या दुकानावर कोणा एकाला रोजचा मार्ग लिहून द्यावा आणि फोनची वेळ ठरवावी. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर त्याने काय करायचे, हेही त्या कागदावर असावे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०३३ ही राष्ट्रीय महामार्गाची मदतसेवा त्यावर लिहावी.

उन्हाळ्यात सुट्टी असते म्हणून मे महिन्यात तिकडे जाण्याचा विचार करू नये. १९ मे २०१६ रोजी जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीत ५१ अंश तापमान नोंदले गेले. आणि पावसाळा निर्धोक समजणाऱ्यांसाठी, ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास गाव पुरात बुडाले होते. जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे ते पाणी मुरेनाच. वाळवंटातील रस्ते ओढ्यांवर पुलाऐवजी फरशीवरून जातात. फरशीवर वाहते पाणी असेल तर थांबावे.

आता पहाटेविषयी. ऊन टाळण्यासाठी पहाटे चारला निघावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. उन्हाळी प्रवासाला तो ठीक असेल. कार्तिकी पौर्णिमेनंतर या वाटेवर तो देऊ नये. ज्या ज्ञानभंडाराचे दर्शन घ्यायला कुटुंबे जातात, त्याची व्यवस्था १९५० च्या सुमारास मुनी पुण्यविजयजी महाराजांनी तेथे दीर्घकाळ राहून लावली. पुढे मुनी जंबूविजयजी महाराजांनी जैसलमेरच्या हस्तलिखितांची सूची आणि छायाप्रतींचे मोठे काम केले. तर्कशास्त्रावरील द्वादशारनयचक्र हा दुर्मिळ ग्रंथ संपादित करताना त्यांनी तिबेटी अनुवादांचाही आधार घेतला होता. जगभरचे विद्वान त्यांच्याकडे शिकायला येत. वय ८६ झाले होते. चातुर्मास संपून थोडेच दिवस लोटले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये बालोतरा-बाडमेर भागात विहार करीत असताना वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. त्यानंतरही असे अपघात थांबलेले नाहीत. गुजरात आणि राजस्थानच्या महामार्गांवरून, आणि आपल्या पालघर-ठाण्याच्या रस्त्यांवरूनही, अशा वार्ता येतच असतात.

साधु-साध्वी पहाटेच्या वेळी, ऊन चढण्यापूर्वी चालतात. वस्त्रे पांढरी असली तरी धुक्यात आणि धुळीत ती डांबराच्या कडेच्या फिक्या पट्ट्यात मिसळून जातात. त्यांच्या हाती दिवा नसतो. सोबतीला कधी सेवक असतो, कधी नसतो. रात्रभर गाडी हाकून पहाटे पाचला पेंगणारा चालक त्यांच्यासाठी सर्वांत धोकादायक. आणि त्यांतला एखादा यात्रेलाच निघालेला असू शकतो. म्हणून पहाटे रस्ता कापायचा बेतच नको. दिवस उजाडल्यावरही पांढरी वस्त्रे दिसताच वेग चाळिसाच्या आत आणावा, पूर्ण एक गाडीभर अंतर सोडून जावे, कर्णा वाजवू नये. वंदनासाठी थांबायचे तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी आणि मुलांना रस्त्याच्या बाजूने उतरू देऊ नये. रस्त्याकडेला थांबलेल्या गाडीमागे जमलेला घोळका हा दुसऱ्या अपघाताला आमंत्रण असतो.

बाडमेरच्या मुक्कामी सूर्योदय होऊ द्यावा. आजीची नवकारसी होऊ द्यावी, तिला पाणी पिऊ द्यावे, टायर थंड असताना हवा पाहावी. साडेआठला निघालेली गाडी कोठेही घाई न करता, वाटेत दोनदा थांबून, दुपारी बाराच्या आत जैसलमेरला पोहोचते. गाडी खालीच ठेवावी लागते. किल्ल्याच्या अरुंद, फरसबंद गल्ल्यांतून मंदिरापर्यंतचा शेवटचा चढ पायीच आहे, तेव्हा आजीसाठी काठी गाडीतून काढायला विसरू नये.